घर, तज्ज्ञ आणि अपंगत्व : सांस्कृतिक विविधतेतील पुनर्वसनकार्याची प्रस्तावना

अपंगत्व असलेल्या मुलाबरोबर किंवा प्रौढाबरोबर काम करणारा व्यावसायिक, मग तो फिजिओथेरपिस्ट असो, वाचा व श्रवणतज्ज्ञ असो, विशेष शिक्षक असो, मानसशास्त्रज्ञ असो की समाजकार्यकर्ता, प्रत्यक्षात एकट्या व्यक्तीबरोबर क्वचितच काम करतो. समोरच्या खुर्चीत मूल बसलेले असते. परंतु त्याला पुढच्या वेळी आणायचे की नाही, शिकवलेला व्यायाम घरी करून घ्यायचा की नाही, मोठ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले की त्याचे श्रवणयंत्र काढून ठेवायचे की नाही, आणि हाती असलेला पैसा त्याच्या शिक्षणावर घालायचा की धाकट्या भावाच्या, हे निर्णय ज्या घरात होतात ते घर तज्ज्ञाने बहुधा पाहिलेलेही नसते. पुनर्वसन, म्हणजे व्यक्तीच्या क्षमता आणि तिच्या भोवतालची परिस्थिती यांचा मेळ घालून तिला रोजच्या जगण्यात सहभागी होता येईल असे करणे, ही प्रक्रिया आठवड्यातून तासभर उपचारकक्षात आणि उरलेला सारा काळ घरात घडत असते. म्हणून कुटुंब हेच या कामाचे मुख्य क्षेत्र ठरते, आणि कुटुंब म्हटले की भाषा, जात, धर्म, प्रदेश, उदरनिर्वाहाचा प्रकार, नात्यांची उतरंड आणि चांगल्या आयुष्याविषयीची कल्पना हे सगळे त्याच्याबरोबर येते. या सगळ्याला मिळून येथे संस्कृती म्हटले आहे. सणवार, पेहराव आणि खाद्यपदार्थ हा तिचा सहज दिसणारा आणि या कामापुरता सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होय.

भारतात अशा व्यावसायिकांपैकी बहुतेकांच्या प्रशिक्षणाचे व नोंदणीचे नियमन भारतीय पुनर्वसन परिषद करते, जिला १९९२ च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले. त्यांचे कार्यक्षेत्र मात्र गेल्या दशकात फार वाढले आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने त्यांची संख्या २१ केली आणि स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्याने आलेले अपंगत्व, तसेच हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्तविकारही त्यात आणले. २०११ च्या जनगणनेत, म्हणजे या विस्ताराच्या आधीच, देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. कायद्याची व्याख्या रुंदावली की जी माणसे स्वतःला कधी अपंग समजत नव्हती तीही त्या व्याख्येत येतात, आणि येथूनच सांस्कृतिक प्रश्नाला सुरुवात होते. सातपुड्यातला सिकलसेल असलेला पावरा तरुण सांधे दुखत नाहीत त्या दिवशी शेतात सगळ्यांबरोबर राबतो, दुखतात त्या दिवशी पडून राहतो; त्याच्या घरच्यांच्या लेखी तो आजारी आहे, अधूनमधून आजारी आहे, आणि तेवढेच. त्याला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवून देणारा कार्यकर्ता त्याच्या हक्काचेच काम करत असतो. तरीही त्या कागदाने त्याच्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीचे काय होईल, असा त्याच्या आईला पडलेला प्रश्न कोणत्याही अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ही विविधता परदेशातून आलेल्या स्थलांतरितांची वाट पाहत नाही. मेळघाटात कोरकू बोलली जाते, जी मुंडा गटातली आहे. भामरागडच्या जंगलात माडिया, जी द्राविड कुळातली आहे. नंदुरबारच्या डोंगरांत भिलीची आणि पावरीची अनेक रूपे आहेत. बंजारा तांड्यांवर गोरमाटी आहे, तर कैकाड्यांच्या आणि वडारांच्या घरात आणखी वेगळ्या बोली आहेत. मुंबईतल्या एखाद्या महापालिका रुग्णालयाच्या बालविकास विभागात एका सकाळी उर्दू, भोजपुरी, तमिळ, तेलुगू, गुजराती आणि मराठी बोलणारी कुटुंबे ओळीने बसलेली असतात. तज्ज्ञ स्वतः बहुतांशी शहरात शिकलेला असतो, त्याची पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात, आणि ज्या साधनांनी तो मुलाला मोजतो त्या साधनांनाही स्वतःचे गाव असते. या शेवटच्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

बुद्धिमापनाच्या चाचण्या फ्रान्समध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी सुरू केल्या, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांना नवे रूप मिळाले, आणि १९३० च्या दशकात धारवाडच्या परिसरात व्ही. व्ही. कामत यांनी कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांचे रूपांतर केले. बिने-कामत नावाने ओळखली जाणारी ही कसोटी आजही अनेक ठिकाणी वापरात आहे. पुढे नागपूरमध्ये ए. जे. मालिन यांनी वेश्लरच्या मापनश्रेणीचे भारतीय मुलांसाठी रूपांतर केले, तसेच व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचेही, जी मुळात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड या गावच्या संस्थेत एडगर डॉल यांनी तयार केली होती. या विद्वानांचे काम मोलाचे होते. कोणतेही साधन नसताना त्यांनी साधन दिले, आणि इंग्रजी चाचणी जशीच्या तशी वापरण्याचा सोपा मार्ग नाकारला. तरीही धारवाडच्या शाळकरी मुलांवर बेतलेले प्रश्न आज धारणीच्या कोरकू मुलाला, तेही त्याच्या घरी न बोलल्या जाणाऱ्या मराठीतून विचारले गेले, तर मिळणारा आकडा त्या मुलाच्या बुद्धीचा किती आणि त्या भाषेशी असलेल्या त्याच्या अंतराचा किती, हे सांगता येत नाही. सामाजिक परिपक्वतेच्या श्रेणीत तर मूल कोणत्या वयात एकटे जेवते, एकटे आंघोळ करते, एकटे शेजारी जाते यावर गुण असतात. ज्या घरात सहा वर्षांच्या नातवाला आजी कौतुकाने घास भरवते, त्या घरातले मूल या मोजमापात मागे पडते. आणि ज्या घरात तेवढीच सहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शेळ्या राखते, तिच्या त्या कौशल्यासाठी कागदावर रकाना नसतो.

संस्कृतीचा विचार करणाऱ्या व्यावसायिक साहित्यात काही संकल्पना आता रूढ झाल्या आहेत आणि त्यांचा परिचय येथे करून दिला पाहिजे. पहिली आर्थर क्लाइनमन यांची. हार्वर्डमधले हे मानसोपचारतज्ज्ञ मानववंशशास्त्राचेही अभ्यासक असून त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस असे दाखवून दिले की आजाराविषयी रुग्णाच्या आणि वैद्याच्या मनात दोन वेगळे आराखडे असतात : हे काय आहे, कशाने झाले, आत्ताच का झाले, पुढे काय होईल आणि यावर काय करावे. या आराखड्याला ते स्पष्टीकरण-प्रतिमान म्हणतात, आणि रुग्णाचे प्रतिमान त्याला सरळ विचारून जाणून घ्यावे म्हणून त्यांनी काही साधे प्रश्न सुचवले, ज्यांत या त्रासाची तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते हाही एक आहे. या दृष्टीचे सर्वाधिक वाचले गेलेले उदाहरण ॲन फॅडिमन यांच्या १९९७ च्या पुस्तकात आहे. लाओसमधून निर्वासित होऊन कॅलिफोर्नियातील मर्सेड गावी आलेल्या एका ह्मोंग कुटुंबातील लिया ली या मुलीला अपस्माराचे झटके येत होते. आईवडिलांच्या मते तिचा आत्मा देहातून निसटला होता आणि या अवस्थेला त्यांच्या परंपरेत काहीसा मानही होता. डॉक्टरांच्या मते औषधे वेळेवर दिली जात नव्हती. दोन्ही बाजूंचे त्या मुलीवर प्रेम होते, तिला काही काळ आईवडिलांपासून दूर ठेवण्यात आले, आणि अखेर एका मोठ्या झटक्यानंतर तिची जाणीव कायमची हरपली. त्या प्रसंगाविषयी क्लाइनमन यांनी व्यक्त केलेले मत येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे : तेथे ह्मोंग संस्कृतीइतकाच प्रभाव वैद्यकाच्या संस्कृतीचाही होता.

महाराष्ट्रात स्पष्टीकरण-प्रतिमानाचा प्रश्न रोजचा आहे. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेल्या बाळाच्या आईने ग्रहणात भाजी चिरली असणार, असे घरात बोलले जाते. लहानग्याचे बोलणे लांबले तर बापही उशिराच बोलला होता म्हणून वाट पाहिली जाते. अर्धांगाला अंगावरून वारे गेले म्हणतात. आणि यांपैकी प्रत्येकाबरोबर नवस, अंगारा, ताईत, दृष्ट काढणे हेही चालू असते. प्रशिक्षणात या गोष्टींना अंधश्रद्धा हा एकच शब्द मिळतो आणि मग पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. विचारले तर मात्र असे दिसते की स्पष्टीकरण हे घरात एक काम करत असते : ते दोषाची वाटणी करते. ग्रहणाच्या स्पष्टीकरणात दोष सुनेचा ठरतो, आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोणी करायचा, इथपासून तिला माहेरी पाठवायचे की काय इथपर्यंत पुढचे सारे त्यावर ठरते. म्हणून तज्ज्ञाने हे ग्रहणाने होत नाही एवढे सांगून थांबणे अपुरे आहे. ते कोणासमोर सांगितले जाते याला सांगण्याइतकेच महत्त्व आहे. सासूच्या आणि नवऱ्याच्या देखत, सावकाश, आईची यात कोणतीही चूक नाही असे स्पष्ट शब्दांत सांगणे हा त्या बाळाच्या उपचाराचाच भाग असतो.

आधुनिक स्पष्टीकरणही दोषाची वाटणी करते, ही गोष्ट वैद्यकाच्या बाजूने क्वचितच ध्यानात घेतली जाते. मामाच्या मुलीशी लग्न हे महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मानाचे नाते आहे, आणि दक्षिणेला लागून असलेल्या पट्ट्यात मामा-भाचीचे लग्नही होत आले आहे. जन्मतः बहिरेपणाच्या काही प्रकारांमागे आनुवंशिक कारण असते आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे अशा सुप्त जनुकांचा मेळ पडण्याची शक्यता वाढते, हे विज्ञान खरे आहे. परंतु नात्यात लग्न केल्याने असे झाले, हे वाक्य तज्ज्ञ उच्चारतो तेव्हा ते लग्न जमवणारी आजी अनेकदा त्याच खोलीत बसलेली असते, आणि वाक्य ऐकणाऱ्या आईला ते आपल्या माहेरावरचा आरोप म्हणून ऐकू येते. यातून कुटुंब पुढच्या तपासणीला येत नाही आणि टिपणात पालकांचे सहकार्य नाही अशी नोंद होते. शक्यता आणि दोष यांतला फरक, झालेल्या मुलाची काळजी आणि पुढच्या गर्भारपणाचा सल्ला यांतला फरक, आणि कोणती गोष्ट सगळ्यांसमोर व कोणती नवरा-बायकोला बाजूला घेऊन सांगायची यातला फरक, हे समुपदेशनाच्या कौशल्याचे खरे अंग आहे. सिकलसेलच्या बाबतीत तर प्रतिबंधाची बरीचशी भिस्त वाहक असलेल्या दोघांचे लग्न होऊ न देण्याच्या सल्ल्यावर आहे. ज्या समाजात लग्ने ठरावीक कुळांतच होतात आणि मुलीच्या बाजूने वाहकपणा कळला तर तिचे लग्नच अडते, तेथे हा सल्ला मुलाला आणि मुलीला सारखाच महाग पडत नाही.

दुसरी संकल्पना माया कल्याणपूर आणि बेथ हॅरी या दोन अभ्यासकांची आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत उपयोगी ठरते. बेथ हॅरी यांनी अमेरिकेतील विशेष शिक्षणव्यवस्थेत पोर्तोरिकन कुटुंबांची होणारी कोंडी अभ्यासली होती. कल्याणपूर यांना भारतातील आणि अमेरिकेतील अशा दोन्ही व्यवस्थांचा अनुभव होता. १९९९ च्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी सांस्कृतिक परस्परता नावाची एक कार्यपद्धती मांडली. तिची सुरुवात कुटुंबापासून होत नाही, तर व्यावसायिकाच्या स्वतःच्या शिफारशीपासून होते : आपण जे सुचवतो आहोत त्याच्या तळाशी कोणते मूल्य आहे, हे त्याने आधी स्वतःला विचारायचे. मग ते मूल्य या कुटुंबाला मान्य आहे का, नसल्यास त्यांचे मूल्य कोणते, हे जाणून घ्यायचे. फरक आढळला तर त्याचा मान राखून आपल्या शिफारशीमागची भूमिकाही कुटुंबाला उलगडून सांगायची. आणि शेवटी दोघांनी मिळून ध्येयाला नवा आकार द्यायचा. यातली तिसरी पायरी फार महत्त्वाची आहे, कारण अन्यथा कुटुंबाचे ऐकणे म्हणजे तज्ज्ञाने स्वतःचे ज्ञान गिळून बसणे असा समज होतो.

घास भरवण्याच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहिले तर ही पद्धती कशी चालते हे समजते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या दहा वर्षांच्या मुलासाठी तज्ज्ञ स्वतःच्या हाताने जेवणे हे ध्येय ठरवतो, त्याचे टप्पे पाडतो, आणि तीन महिन्यांनी पाहतो तर आजी अजूनही भरवतेच आहे. तज्ज्ञाच्या ध्येयामागे स्वावलंबनाचे मूल्य आहे, जे पुनर्वसनाच्या जवळजवळ सर्व साहित्याचे मूळ गृहीतक आहे : माणूस जितके स्वतः करील तितका तो पूर्ण. कुटुंबाच्या वागण्यामागे वेगळे मूल्य आहे, की माणूस जितका माणसांत आहे तितका तो पूर्ण, आणि भरवणे हे आजीच्या आणि नातवाच्या नात्याचे रूप आहे, त्याच्या अक्षमतेची खूण नव्हे. तज्ज्ञाने यावर नुसती मान डोलावली तर मुलाचे नुकसान होते, कारण आजी कायम राहणार नाही. परंतु चौकशी पुढे नेली तर घरच्यांना एक गोष्ट डाचत असल्याचे कळू शकते : लग्नाच्या पंगतीला या मुलाला नेता येत नाही, त्याला घरी ठेवावे लागते किंवा आईला त्याच्याबरोबर मागे थांबावे लागते. पंगतीत सगळ्यांबरोबर मांडी घालून बसणे, वाढेपर्यंत थांबणे आणि आपल्या हाताने जेवून उठणे, हे ध्येय ठेवले की त्याच हालचाली, तोच सराव आणि तेच टप्पे आजी स्वतः करून घेऊ लागते. येथे कुटुंबाची समजूत काढली गेली असे म्हणणे बरोबर होणार नाही. ध्येयच बदलले, आणि बदललेले ध्येय मूळच्यापेक्षा अधिक समृद्ध आहे, कारण त्यात कौशल्याबरोबर मुलाची समाजातली जागाही आली आहे.

भाषेच्या बाबतीत व्यावसायिकांनी आजवर दिलेल्या एका सल्ल्याचा फेरविचार करणे निकडीचे आहे. बोलणे लांबलेल्या किंवा स्वमग्न असलेल्या मुलाच्या घरी दोन-तीन भाषा बोलल्या जात असतील तर एकच ठेवा, आणि ती शाळेची ठेवा, असे अनेक वर्षे सर्रास सांगितले गेले. डाउन सिंड्रोम असलेल्या आणि स्वमग्न असलेल्या द्विभाषिक मुलांवर गेल्या दोन दशकांत झालेल्या अभ्यासांतून दुसऱ्या भाषेने नुकसान होते या समजाला आधार मिळालेला नाही. नुकसान त्या सल्ल्याने मात्र होते. मराठीत किंवा गोरमाटीत गाणारी, रागावणारी, लाड करणारी आई मोडक्या इंग्रजीत किंवा पुस्तकी मराठीत बोलायला लागली की ती कमी बोलते, ठरावीक बोलते, आणि ज्या मुलाला सर्वांत जास्त बोलणे ऐकण्याची गरज आहे त्याच्याच कानावर सर्वांत कमी पडते. अमेरिकेतील व ब्रिटनमधील मराठी कुटुंबांनाही हा सल्ला मिळत आला आहे; मग भारतात आजी-आजोबांशी फोनवर बोलताना ते मूल त्यांना परके होते.

भाषांतराचे काम कोण करतो, हाही असाच दुर्लक्षित प्रश्न आहे. सरकारी दवाखान्यात सहसा दुभाष्याचे पद नसते, त्यामुळे ते काम शाळेत जाणाऱ्या बहिणीकडे, सफाई कर्मचाऱ्याकडे किंवा रांगेतल्या अनोळखी माणसाकडे येते. बारा वर्षांच्या मुलीने आपल्या आईला, तुझा मुलगा कधी चालणार नाही, हे सांगावे अशी वेळ तिच्यावर आणणे अन्यायाचे आहे, आणि ती ते सांगेलच असेही नाही. या ठिकाणी अमेरिकन परिचारिका आणि मानववंशशास्त्रज्ञ मेरी ॲन येझेव्हस्की यांनी विकसित केलेली सांस्कृतिक मध्यस्थीची संकल्पना उपयोगी पडते. मध्यस्थ म्हणजे नुसता भाषांतरकार नव्हे. दोन व्यवस्थांचे व्यवहार ज्याला कळतात आणि ज्याच्यावर दोन्हीकडचा विश्वास असतो अशी व्यक्ती. महाराष्ट्रात ही भूमिका आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि आपल्या मुलाबरोबर ही वाट आधी चाललेल्या माता करत आहेत, परंतु त्यांच्या या कामाला नाव नाही, प्रशिक्षण नाही आणि मानधनात त्याची गणना नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला, जन्मजात व्यंगांपासून विकासातील दिरंगाईपर्यंतच्या तीस अवस्था लहानपणीच हेरणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. हेरलेले मूल जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत पोहोचते की नाही हे मात्र पुष्कळदा आशाताईच्या शब्दावर अवलंबून असते.

आता एक आक्षेप मांडणे भाग आहे, आणि तो या सर्व साहित्यावरच आहे. संस्कृतीची भाषा हाती आली की गरिबीलाही संस्कृती म्हणण्याचा मोह होतो. बीड जिल्ह्यातून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून लाखो ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मजुरीचा हिशेब नवरा-बायकोच्या जोडीवर होतो, त्या जोडीला कोयता म्हणतात, आणि मुकादमाकडून आधी घेतलेली उचल दोघांच्या श्रमांतून फिटायची असते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर आलेली मर्यादा, असलेल्या मुलाच्या आईने उपचारांसाठी गावी थांबायचे ठरवले तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. ती फडावर गेली, मूल खोपीत किंवा उसाच्या सावलीत राहिले, आणि पाच महिने एकही उपचार झाला नाही, यात तिच्या समाजाच्या श्रद्धांचा, शिक्षणाविषयीच्या उदासीनतेचा किंवा नशिबावर हवाला ठेवण्याच्या वृत्तीचा शोध घेणे हा तिच्यावर दुसरा अन्याय होय. पालघर-ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचेही असेच आहे. येथे व्यावसायिकाकडून वेगळ्या प्रकारच्या संवेदनेची अपेक्षा आहे : दिवाळीआधीच पाच महिन्यांचा घरगुती कार्यक्रम बसवून देणे, खोपीत टिकेल आणि फडावरच्या सामानात मावेल असे साधन देणे, मुलाला कसे धरावे, कसे बसवावे आणि कसे भरवावे हे बरोबर असणाऱ्या मोठ्या भावंडाला शिकवणे, आणि परतल्यावर खंड पडल्याचा जाब न विचारता पुढे सुरू करणे.

पारंपरिक वैदूंशी आणि श्रद्धास्थानांशी संबंध कसा ठेवावा, याची दोन उदाहरणे थोडक्यात नोंदवावीशी आहेत. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये दर्ग्याजवळच्या निवाऱ्यात साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, आणि श्रद्धास्थानांकडे पाहण्याचा सार्वजनिक दृष्टिकोन त्यानंतर कठोर झाला. परंतु गुजरातमधील मीरा दातार दर्ग्यात पुढे दवा-दुआ नावाचा उपक्रम उभा राहिला, ज्यात मुजावर प्रार्थना करतात आणि मनोविकाराचा संशय आला की त्याच आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना विचारूनच रुग्णालयाची रचना केली, त्यांच्या घरांसारख्या झोपड्यांची, आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. मीरा दातार आणि गडचिरोली या दोन्हीकडे बदल आधी संस्थेने स्वतःत केला, आणि दोन्हीकडे हानिकारक प्रथेला मोकळे रान दिले गेले नाही. साखळदंड हा परंपरेचा भाग आहे म्हणून तो चालवून घेता येत नाही.

म्हणूनच आदराला मर्यादा कोठे येते, हा प्रश्न टाळता येत नाही. वर सर्वत्र कुटुंब हा शब्द एकवचनात आला आहे, पण कुटुंबाचा आवाज एक नसतो. खोलीत बोलतो तो बहुधा वडील किंवा काका, मुलाला रोज उचलते ती आई, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याला कोणी विचारत नाही. अपंग मुलीच्या बाबतीत हे मौन आणखी दाट होते. १९९४ मध्ये पुण्यात शासकीय वसतिगृहातील बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि देशभर वाद उठला. पाळीच्या स्वच्छतेचे कारण पुढे केले गेले, आणि अनेक सुशिक्षित घरांतूनही त्या निर्णयाला सहानुभूती मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन या खटल्यात सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीचा गर्भ तिच्या संमतीशिवाय पाडता येणार नाही असा निर्णय दिला. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला, आणि २०१६ चा अधिनियमही सरसकट पालकत्वाऐवजी मर्यादित पालकत्वाची, म्हणजे ठरावीक निर्णयापुरत्या आणि व्यक्तीशी सल्लामसलत करून घेतलेल्या आधाराची, भाषा बोलतो. कुटुंबाच्या संस्कृतीचा आदर करणाऱ्या व्यावसायिकाला त्याच घरातल्या एका सदस्याच्या बाजूने, घराच्या विरोधात उभे राहण्याची वेळ येऊ शकते, आणि त्या वेळी आधी कमावलेला विश्वासच त्याच्या कामी येतो.

या क्षेत्रातले बहुतेक प्रशिक्षण अजून लहान मुलांभोवती फिरते. ज्यांच्यासाठी विशेष शाळा निघाल्या ती मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांचे आईवडील थकले आहेत, आणि आमच्यानंतर याचे कसे होणार हा त्यांचा प्रश्न १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्याही आधीपासूनचा आहे. भावाने सांभाळावे ही अपेक्षा जेथे होती तेथे भाऊ पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी आहे. बहिणीने सांभाळावे तर तिच्या सासरचे काय म्हणतील ही चिंता आहे. वसतिगृहात ठेवले तर नातलग नावे ठेवतील याची भीती आहे. या घरांत तज्ज्ञाने काय बोलावे याचे तयार उत्तर कोणत्याही ग्रंथात नाही. विचारण्याचा क्रम मात्र ठरवता येतो : आधी त्या प्रौढ व्यक्तीला, तिला समजेल त्या भाषेत, शब्द नसतील तर चित्रांनी, खुणांनी किंवा दोन घरे प्रत्यक्ष दाखवून, कोठे आणि कोणाबरोबर राहायचे आहे हे विचारायचे, आणि मगच तिच्या आईला, भावाला आणि भावजयीला.